कंपनी सुशासनात शाश्वततेचा अंतर्भाव : येवला परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

शाश्वत विकास ही संज्ञा १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे जगभर रूढ झाली, तर कॉर्पोरेट गव्हर्नन्स, म्हणजे मराठीत ज्याला कंपनी सुशासन म्हटले जाते, ती संकल्पना १९९२ च्या कॅडबरी समितीच्या अहवालानंतर चर्चेच्या केंद्रस्थानी आली. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र या दोन संकल्पना दीर्घकाळ वेगवेगळ्या दालनांत राहिल्या. पहिली पर्यावरणशास्त्राच्या तासाला शिकवली गेली, दुसरी कंपनी कायद्याच्या. झाडे, पाणी आणि हवा यांचा विचार एका पुस्तकात; संचालक मंडळ, लेखापरीक्षण आणि भागधारकांचे हक्क यांचा विचार दुसऱ्या पुस्तकात. या विभागणीमुळे एक समज दृढ झाला. कंपनी नफा मिळवते आणि त्यातील काही वाटा पर्यावरणासाठी किंवा समाजासाठी खर्च करते, म्हणजे शाश्वतता साधली, असा हा समज होय.

सुशासन म्हणजे मूलतः निर्णयाची व्यवस्था. निर्णय कोण घेतो, कोणती माहिती पाहून घेतो, आणि चुकल्यास कोणाला उत्तर देतो, हे तीन प्रश्न तिच्या मुळाशी आहेत. शाश्वततेचा अंतर्भाव या तीन प्रश्नांच्या उत्तरांत झाला तरच तो सुशासनात झाला असे म्हणता येईल. भारतीय कायद्याने या दिशेने बरीच वाटचाल केली आहे. परंतु ती मुख्यत्वे मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांच्या अहवालांच्या मार्गाने झाली. येवल्यासारख्या, हातमाग आणि शेती यांवर उभ्या असलेल्या तालुक्याला त्या मार्गाचा उपयोग किती, आणि त्याच्यासाठी दुसरा मार्ग उपलब्ध आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची वाटचाल : कर्तव्याकडून अहवालाकडे

भारतात कंपनी सुशासनाचे नियम प्रथम गुंतवणूकदाराच्या संरक्षणासाठी आले. कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून २००० साली सूचिबद्धता करारात कलम ४९ समाविष्ट झाले. स्वतंत्र संचालक, लेखापरीक्षण समिती, माहितीचे प्रकटीकरण हे त्याचे मुख्य विषय होते. त्यात नदी, जंगल किंवा कामगाराची वस्ती यांना स्थान नव्हते, आणि त्या काळच्या दृष्टीने ते अपेक्षितही नव्हते. पुढे जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीतील हिशेबाची लबाडी उघड झाली. त्याच्या आदल्याच वर्षी या कंपनीला उत्तम सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. वर्गात सुशासन शिकवताना या एका घटनेचा जितका उपयोग होतो तितका क्वचितच एखाद्या व्याख्येचा होत असेल. अहवालातील रकाने पूर्ण भरलेले असणे आणि निर्णय प्रामाणिक असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे तिच्यामुळे स्पष्ट होते.

कंपनी कायदा, २०१३ हा या संदर्भातील महत्त्वाचा टप्पा आहे. त्यातील कलम १३५ ची चर्चा सर्वाधिक झाली. पाचशे कोटी रुपये निव्वळ मत्ता, एक हजार कोटी रुपये उलाढाल किंवा पाच कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. अनुसूची सातमध्ये पारंपरिक कला व हस्तव्यवसायांच्या विकासाचाही उल्लेख असल्याने एखादी कंपनी या निधीतून विणकरांना माग देऊ शकते. हे उपयुक्तच आहे. परंतु हा नफा मिळाल्यानंतरचा खर्च आहे. नफा कसा मिळवला, या प्रश्नाला कलम १३५ स्पर्श करत नाही. म्हणून त्याला सुशासनातील शाश्वतता म्हणणे योग्य ठरत नाही.

त्या मानाने कलम १६६ मधील दुसरे उपकलम अल्पचर्चित राहिले, वास्तविक ते अधिक मूलगामी आहे. संचालकाने सद्भावनेने वागून सभासदांच्या एकत्रित हितासाठी कंपनीची उद्दिष्टे पुढे न्यावीत, आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज यांचे हित व पर्यावरणाचे संरक्षण लक्षात घेऊन वागावे, असे ते सांगते. येथे पर्यावरण हा खर्चाचा विषय न राहता कर्तव्याचा विषय होतो. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ च्या आदेशात या उपकलमाचा आधार घेतला होता. त्या आदेशातील वीजवाहिन्या भूमिगत करण्याविषयीचे सरसकट निर्देश मार्च २०२४ मध्ये न्यायालयानेच मागे घेतले. या उपकलमाची अडचण अशी, की त्यात अनेकांची हिते एका ओळीत मांडली आहेत, त्यांच्यात संघर्ष झाल्यास कोणाला प्राधान्य द्यावे हे सांगितलेले नाही. शिवाय कंपनी कायद्यातील सामूहिक दाव्याचा अधिकार कलम २४५ नुसार सभासद व ठेवीदार यांनाच आहे. कारखान्याच्या सांडपाण्याने ज्याची विहीर बिघडली त्या शेतकऱ्याला संचालकाच्या कर्तव्यभंगाबद्दल या कायद्याखाली दाद मागता येत नाही. त्याला २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जावे लागते. कर्तव्य एका कायद्यात आणि दाद दुसऱ्या कायद्यात, अशी ही स्थिती आहे.

उरलेली जागा अहवालांनी भरून काढली. २०११ साली केंद्र शासनाने ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांवर आधारित व्यवसाय जबाबदारी अहवाल सेबीने २०१२ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्यांना अनिवार्य केला. २०१९ मध्ये ही तत्त्वे सुधारित स्वरूपात आली, आणि मे २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, म्हणजेच बीआरएसआर, याचा आराखडा जाहीर झाला. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना अनिवार्य आहे. जुलै २०२३ मध्ये त्यातील निवडक निर्देशकांची बाह्य तपासणी टप्प्याटप्प्याने सुरू करण्याचे ठरले. याच काळात जोखीम व्यवस्थापन समितीची अट पहिल्या एक हजार कंपन्यांपर्यंत वाढवण्यात आली आणि तिच्या कार्यकक्षेत शाश्वततेशी निगडित जोखमींचा स्पष्ट समावेश झाला. अहवालापेक्षा ही दुसरी तरतूद अधिक परिणामकारक ठरू शकते. अहवाल वर्ष संपल्यावर लिहिला जातो. जोखीम समिती वर्ष चालू असताना बसते.

साखळीचे शेवटचे टोक

येवल्याची पैठणी या संदर्भात तपासण्यासारखी आहे. या वस्त्राचे नाव पैठणचे असले तरी त्याच्या विणकामाचे मोठे केंद्र येवला आहे. रेशीम प्रामुख्याने बंगळूरकडून आणि जर सुरतेहून येते. रेशमातील चिकट द्रव्य काढणे, रंगवणे, कांड्या भरणे आणि विणणे ही कामे येवल्यात व आसपासच्या गावांत होतात. यांपैकी कांड्या भरण्यासारखी पूरक कामे बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि त्यांचा मोबदला साडीच्या मजुरीतच धरलेला असतो. काही विणकर स्वतःच्या भांडवलावर विणतात. पुष्कळ जण व्यापाऱ्याकडून रेशीम व जर घेऊन साडीमागे ठरलेल्या मजुरीवर काम करतात. रेशमाचा भाव वाढला, लग्नसराई ओसरली किंवा यंत्रमागावरील नक्कल बाजारात आली, तर त्याचा ताण शेवटी मजुरीवर आणि थांबलेल्या मागावर येतो.

आता असे समजू, की एखादी मोठी सूचिबद्ध वस्त्रविक्रेती कंपनी या पैठण्या खरेदी करते. तिच्या बीआरएसआरमध्ये येवल्याचा विणकर दिसेल काय? सेबीने मूल्यसाखळीविषयीच्या प्रकटीकरणाची कल्पना २०२३ मध्ये मांडली. पुढे ती सौम्य करण्यात आली. मार्च २०२५ मधील सुधारित तरतुदीनुसार पहिल्या अडीचशे कंपन्यांसाठी असे प्रकटीकरण २०२५-२६ पासून ऐच्छिक आहे, आणि ज्याचा कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत स्वतंत्रपणे दोन टक्के वा अधिक वाटा आहे असाच भागीदार त्यात गणला जातो. हजारो पुरवठादार असलेल्या कंपनीवर अवाजवी भार पडू नये हा या मर्यादेमागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु महिनोन् महिने एका साडीवर बसणारा विणकर कोणत्याही मोठ्या कंपनीच्या खरेदीचा दोन टक्के वाटा कधीच होणार नाही. जो सर्वांत लहान, तो मोजणीबाहेर, हा या मर्यादेचा अपरिहार्य परिणाम आहे.

याच अहवालातील आणखी एक बदल लक्षणीय आहे. २०२१ च्या नमुन्यात कंपनीला विचारले होते, की तिच्या कच्च्या मालापैकी किती टक्के माल लघुउद्योग व लहान उत्पादकांकडून थेट घेतला, आणि किती टक्के माल त्याच व शेजारच्या जिल्ह्यांतून घेतला. २०२३ च्या सुधारित नमुन्यात यातील जिल्ह्याचा उल्लेख जाऊन त्या जागी देशांतर्गत खरेदीचा प्रश्न आला. जिल्ह्याची माहिती गोळा करणे कठीण होते हे खरे. तथापि नाशिकच्या किंवा येवल्याच्या अभ्यासकाला जो एक आकडा उपयोगी पडला असता तोच गेला, हेही खरे.

पैठणीला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळालेली आहे. १९९९ च्या या कायद्याखाली नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. या व्यवस्थेमुळे नावाचे संरक्षण होते, नक्कल करणाऱ्याविरुद्ध कारवाईचा आधार मिळतो. परंतु मालाचे मूळ आणि गुणवत्ता यांपलीकडे तिचे क्षेत्र जात नाही. विणकराची मजुरी किती, रंगकामाचे पाणी कोठे सोडले, वापरलेला रंग १९९७ मध्ये बंदी घातलेल्या अझो रंगांपैकी तर नाही, हे प्रश्न उपदर्शनाच्या नोंदणीत येत नाहीत. येवल्यातील रंगकाम लहान प्रमाणावर चालते. त्याची तुलना मोठ्या रंगोद्योगाशी करणे अन्यायाचे होईल. पण ज्या शहराचा पाणीपुरवठा पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून आहे तेथे थोडे दूषित पाणीही थोडे राहत नाही.

उत्पादक कंपनी : दुसरा मार्ग

सूचिबद्ध कंपनीच्या कायद्यात समाज व पर्यावरण हे बाहेरचे घटक आहेत; संचालकांनी त्यांचा विचार करावा अशी अपेक्षा असते. ज्याच्यावर परिणाम होतो त्यालाच सभासद करून घेणे हा दुसरा मार्ग आहे. सहकारी संस्थांनी महाराष्ट्रात तो पूर्वीच दाखवला होता. त्याला कंपनीचे स्वरूप देण्याची कल्पना वाय. के. अलघ समितीच्या अहवालातून आली आणि ६ फेब्रुवारी २००३ पासून उत्पादक कंपनी हा प्रकार कंपनी कायदा, १९५६ मध्ये समाविष्ट झाला. आता या तरतुदी २०१३ च्या कायद्यातील प्रकरण एकवीस-अ मध्ये, कलम ३७८-ए पासून पुढे आहेत.

या तरतुदी शाश्वततेच्या दृष्टीने फारशा वाचल्या गेलेल्या नाहीत. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. व्यक्ती सभासद असतील तेथे भाग कितीही असोत, मत एकच. संचालक पाच ते पंधरा असतात. तज्ज्ञ संचालक एकूण संख्येच्या एक पंचमांशापर्यंत घेता येतात. भागभांडवलावरील परतावा मर्यादित असतो आणि उरलेला लाभ सभासदाने कंपनीशी जितका व्यवहार केला त्या प्रमाणात बोनस म्हणून वाटता येतो. सर्वसाधारण राखीव निधी आणि अंतर्गत लेखापरीक्षण अनिवार्य आहे. या कंपनीच्या अनुज्ञेय उद्दिष्टांत भूमी व जलसंपत्तीचे पुनरुज्जीवन, वापर आणि संवर्धन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मोठ्या कंपनीत जे संचालकाच्या कर्तव्याच्या ओळीत शेवटी येते ते येथे उद्दिष्टांच्या यादीत येऊ शकते. प्राथमिक उत्पादनाच्या व्याख्येत हातमाग, हस्तव्यवसाय व कुटिरोद्योग यांतील व्यक्तींचे उत्पादन समाविष्ट असल्याने हा मार्ग कांदा उत्पादकाइतकाच पैठणीच्या विणकरालाही खुला आहे.

या रचनेची कसोटी नाशिक जिल्ह्यातच लागलेली आहे. २०१० च्या हंगामात जिल्ह्यातून युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. शेतकऱ्यांत ते लिहोसीन या नावाने ओळखले जाते. युरोपातील ग्राहकांनी माल नाकारला, निर्यातदार व बागायतदार यांना मोठा फटका बसला. विशेष म्हणजे त्यावेळी द्राक्षांचा माग काढणारी अपेडाची ग्रेपनेट प्रणाली २००६ पासून कार्यरत होती, बागांची नोंदणी होती, प्रयोगशाळांचे दाखले होते. परंतु तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. ज्याची चाचणी सांगितली होती ती प्रामाणिकपणे झाली. धोका यादीबाहेर होता. शेतकऱ्याला बागेत काय वापरले जाते हे ठाऊक होते, युरोपातील मर्यादा बदलली हे कोणाला तरी ठाऊक असणार, पण या दोन माहित्या ज्या टेबलावर एकत्र याव्यात असे टेबल नव्हते. शाश्वततेचे अपयश बहुधा असेच असते. ते हेतूच्या अभावापेक्षा माहिती निर्णयापर्यंत न पोहोचण्यातून अधिक घडते.

याच सुमारास, २०१०-११ मध्ये, विलास शिंदे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी उभी राहिली. द्राक्षांपासून सुरुवात करून तिने इतर फळे व भाजीपाला यांच्या प्रक्रियेपर्यंत मजल मारली. सुशासनाच्या अभ्यासकाला तिच्यातील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा वाटेल. उत्पादक कंपनीचे भाग उत्पादकाशिवाय अन्य कोणाला देता येत नाहीत. ही तिची ताकद आहे आणि अडचणही. कारण प्रक्रिया उद्योगाला लागणारे मोठे भांडवल शेतकरी सभासद एकट्याने उभे करू शकत नाहीत. यातून मार्ग काढताना सह्याद्रीने सुगीपश्चात व्यवसायासाठी उपकंपनी केली आणि २०२२ मध्ये त्या उपकंपनीत सुमारे ३१० कोटी रुपयांची युरोपीय गुंतवणूक आली. गुंतवणूकदारांत एफएमओ आणि प्रोपार्को या अनुक्रमे डच व फ्रेंच विकास-वित्तसंस्था होत्या. अशा संस्था गुंतवणुकीपूर्वी व नंतरही पर्यावरणीय आणि सामाजिक जोखमींची तपासणी करतात.

येथे दोन प्रकारचे सुशासन एकाच व्यवसायात एकमेकांना भेटतात. वरच्या कंपनीत एक सभासद एक मत, आणि खालच्या कंपनीत भागांच्या प्रमाणात मत. गुंतवणूकदाराची मानके कामगाराची सुरक्षितता, पाण्याचा वापर, रसायनांची नोंद यांबाबत शिस्त आणतात, जी केवळ सभासदांच्या दबावाने आली असतीच असे सांगता येत नाही. दुसरीकडे, मालाचा दर काय द्यावा यावर शेतकरी आणि गुंतवणूकदार यांची हिते भिन्न असू शकतात, आणि तो निर्णय कोणत्या मंडळात होतो यावर बरेच अवलंबून राहते. ही रचना टीकेचा विषय करण्यापेक्षा अभ्यासाचा विषय करणे अधिक योग्य होईल. इतर उत्पादक कंपन्यांनाही भांडवलासाठी याच वळणावर यावे लागणार आहे.

अर्थात सर्वच उत्पादक कंपन्यांची स्थिती अशी नाही. २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना सुरू केली. संख्येचे लक्ष्य ठेवले की नोंदणी होते; संस्था होतेच असे नाही. अनुदानासाठी नोंदणी, नात्यागोत्यातील संचालक, अर्धवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कागदावरील सभा हे दोष सहकार क्षेत्राला परिचित आहेत, नवे नाव घेतल्याने ते नाहीसे होत नाहीत.

येवल्याच्या संदर्भातील शक्यता

वरील विवेचनाचा येवल्यापुरता अर्थ शोधताना पाण्यापासून सुरुवात करावी लागते. तालुका पर्जन्यछायेत आहे आणि पालखेड डावा कालवा दिंडोरी, निफाड ओलांडून येथे पोहोचतो. कालव्याच्या शेवटाकडील भागाला आवर्तनाची अनिश्चितता नेहमीच सोसावी लागते. कांदा उत्पादकांच्या कंपनीच्या संचालक मंडळापुढे आज सामान्यतः खरेदी, विक्री, चाळीतील साठा आणि कर्जाची परतफेड यांचे आकडे येतात. भावाची अनिश्चितता एवढी मोठी आहे, की ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ या काळातील निर्यातबंदीसारख्या धक्क्यापुढे दुसरे काही दिसू नये हे स्वाभाविक आहे. तरीही सभासदांच्या विहिरींची पाणीपातळी, लागवडीखालील क्षेत्र आणि चाळीत सडलेल्या मालाचे प्रमाण हे तीन आकडे प्रत्येक हंगामापूर्वी मंडळापुढे आले, तर किती लागवडीला प्रोत्साहन द्यावे आणि कोणासाठी बियाणे घ्यावे हा निर्णय बदलू शकतो. जलसंवर्धन हे उद्दिष्टांत लिहिलेले असल्यास त्यावर होणारा खर्च हा दानधर्म न राहता कंपनीचे काम ठरतो.

पैठणीच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण व्यापारी आणि विणकर यांचे संबंध पिढ्यांचे आहेत आणि त्यांत उचल, विश्वास व उपकार यांची गुंतागुंत आहे. व्यापारी हटवला की विणकर सुखी होईल असे मानणे भाबडेपणाचे आहे; रेशमाची गुंतवणूक, नव्या नक्षीची जोखीम आणि न खपलेल्या साडीचा भार आज तोच उचलतो. मात्र सामाईक रंगशाळा, तिच्या पाण्याची प्रक्रिया, रंगांची तपासणी आणि रेशमाची एकत्रित खरेदी ही कामे एकट्या विणकराला किंवा एकट्या व्यापाऱ्यालाही परवडणारी नाहीत. विणकरांच्या उत्पादक कंपनीचे स्वाभाविक क्षेत्र येथून सुरू होते. तिच्या अंतर्गत लेखापरीक्षणात रकमेबरोबर रंगशाळेतील पाण्याची आणि प्रत्येक साडीमागे दिलेल्या मजुरीची नोंद तपासावी, असे नियमावलीत लिहिण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. कांड्या भरणाऱ्या स्त्रीचे नाव या नोंदीत स्वतंत्रपणे यावे की कुटुंबाच्या नावाखाली, आणि सभासदत्व कोणाच्या नावावर द्यावे, हा प्रश्नही तेथेच सोडवावा लागेल. कुटुंबातील एकच व्यक्ती सभासद झाली, तर एक सभासद एक मत या तत्त्वाचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

स्थानिक महाविद्यालयातील वाणिज्य, अर्थशास्त्र, भूगोल आणि रसायनशास्त्र या विभागांना या कामात वाव आहे. विहिरींच्या पातळीची नोंद, रंगाच्या पाण्याची चाचणी, चाळीतील घटीचे मोजमाप ही कामे विद्यार्थी-प्रकल्पांतून होऊ शकतात, आणि तज्ज्ञ संचालकाची तरतूद प्राध्यापकालाही लागू पडते.

वेळेचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. उत्पादक कंपनीची पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीपासून नव्वद दिवसांच्या आत घ्यावी लागते, तीत सभासद नियमावली स्वीकारतात आणि संचालकांची नियुक्ती करतात. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश सभासदांची उपस्थिती लागते. प्रत्यक्षात सल्लागाराकडून आलेला छापील मसुदा बहुतेक ठिकाणी जसाच्या तसा मंजूर होतो. पाणी, रंग आणि मजुरी यांच्या नोंदीविषयीची कलमे त्या मसुद्यात घालायची असतील, तर तो विणकरांच्या आणि शेतकऱ्यांच्या हाती मराठीत, सभेच्या चौदा दिवस आधीच्या सूचनेबरोबरच पडलेला असावा लागतो.